पॉवर वीडर फक्त चोकवर चालतोय? कार्बोरेटर घरच्या घरी असा साफ करा

वाफसा आलाय, सोयाबीनच्या ओळींत तण डोकं काढतंय, आणि वीडरची दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी इंजिन दाद देत नाही. किंवा सुरू होतं, पण चोक (गार इंजिन सुरू करताना हवा अडवणारी पाती) उघडला की बंद. कोळपणीच्या हंगामात ही तक्रार घरोघरी असते, त्यामुळे मेकॅनिककडे सगळ्यांची यंत्रं एकाच आठवड्यात जमा होतात. आपला नंबर लागेपर्यंत वाफसा निघून जातो. आणि शेवटी काम काय निघतं, तर कार्बोरेटर खोलून एक बारीक भोक मोकळं करायचं. हे घरी जमतं. पहिल्या वेळी अर्धा दिवस हाताशी ठेवा, हात बसला की तासाभराच्या आत होतं.

इथे मी सात एचपीच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाबद्दल लिहितोय, जे बहुतेक छोट्या वीडरवर बसवलेलं असतं. होंडाने १९८३ मध्ये जीएक्स मालिका आणली, पुढे तिच्याच धर्तीवर चीनमध्ये ढिगाने इंजिनं बनू लागली. आपल्याकडच्या वीडरवर, पाण्याच्या पंपावर, छोट्या जनरेटरवर, स्लॅबच्या व्हायब्रेटरवर हाच नमुना दिसतो. नाव कुठलंही असो, कार्बोरेटर जवळपास सारखाच. खाली वाटी, वाटीत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा. ब्रश कटरचा कार्बोरेटर वेगळा असतो, त्याचं शेवटी थोडक्यात सांगतो.

काय काय लागेल

- दहाचा पाना, शक्यतो रिंग आणि टी दोन्ही. या कार्बोरेटरच्या बहुतेक नट-बोल्टना दहाचाच लागतो
- प्लग पाना (यंत्रासोबत मिळालेला चालतो)
- एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, ज्याचं टोक मेन जेटच्या खाचेत घट्ट बसेल असा, आणि एक फुलीचा
- नोज प्लायर
- कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, नळीसकट. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो
- जुन्या वायरमधली तांब्याची बारीक तार
- काचेची बरणी, स्टीलची जुनी ताटली, सुती फडकं, जुना टूथब्रश
- डोळ्यांना गॉगल. स्प्रे भोकात मारला की दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो
- हवा. कंप्रेसर नसेल तर कार्बोरेटर खिशात घालून पंक्चरवाल्याकडे जायचं, तो दोन मिनिटांत मारून देतो
- फोटो काढायला मोबाइल

सुटे भाग आधीच आणून ठेवायचे तर पॅकिंगचा सेट आणि वाटीची रबर रिंग आणा. या दोन्ही वस्तू स्वस्त असतात आणि खोलताना हमखास फाटतात.

काम मोकळ्या हवेत करा, इंजिन गार झाल्यावर करा. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते. शेजारी कुणी बिडी ओढत बसलेला असेल तर त्याला आधी उठवा.

१. दोष कार्बोरेटरचाच आहे का, ते आधी ठरवा

यंत्र बंद पडलं की कार्बोरेटर खोलायची घाई नको. निम्म्या वेळा तो बिचारा निर्दोष असतो. चार गोष्टी बघायच्या, याच क्रमाने.

ऑइल. यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. यंत्र उतारावर उभं असलं तरी तो स्पार्क तोडतो. यंत्र सपाट जागी घ्या, ऑइलचं झाकण उघडा. भोकाच्या काठापर्यंत ऑइल दिसलं पाहिजे. एकूण साधारण ६०० मिली बसतं, म्हणजे थोडं कमी झालं तरी लगेच फरक पडतो. आणि हो, ऑइल वाढलेलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर तिथेच थांबा, दोरीला हात लावू नका. त्याचं कारण सहाव्या टप्प्यात सांगितलंय.

स्विच आणि स्पार्क. ऑन-ऑफचा स्विच ऑन आहे का? हसू नका, हँडलवरच्या स्विचची वायर चिखलात तुटते, नाहीतर उंदीर कुरतडतो. मग प्लग काढून कॅपमध्ये घाला, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, दोरी ओढा. निळी ठिणगी कटकन दिसली पाहिजे. प्लग ज्या भोकातून काढला त्यापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग घालून बघा. गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

एअर फिल्टर. वीडर धुळीतच चालतो. फोम मातीने गच्च झाला असेल तर इंजिन काळा धूर सोडतं, प्लग काजळतो आणि माणूस कार्बोरेटरला शिव्या घालतो.

टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत घेणारं बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही. ओळखायची खूण म्हणजे यंत्र दहा-पंधरा मिनिटं झकास चालतं, मग गुदमरून बंद पडतं, थोडं थांबलं की परत चालू. झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला तर झाकण साफ करा, पुढचं वाचायची गरज नाही.

हे सगळं ठीक असेल तर शेवटची परीक्षा. प्लग काढून त्या भोकात चहाचा अर्धा चमचा ताजं पेट्रोल घाला, सांडलेलं पुसा, प्लग आणि कॅप लावा, मग दोरी ओढा. इंजिन दोन-चार सेकंद फडफडून बंद झालं, तर स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे, फक्त पेट्रोल पोचत नाही. आता कार्बोरेटरवर संशय घ्यायला हरकत नाही.

२. यंत्र काय सांगतंय ते ऐका

कार्बोरेटरचं काम एका वाक्यात: हवा त्याच्या आवळलेल्या गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि वाटीतलं पेट्रोल बारीक भोकांतून वर खेचलं जातं. या भोकांना जेट म्हणायचं. मेन जेट जोराच्या कामासाठी, पायलट जेट आयडलिंगसाठी, म्हणजे लोड नसताना मंद चालण्यासाठी. मेन जेटचं भोकच मिलिमीटरपेक्षा लहान असतं, पायलटचं तर त्याहून बारीक, त्यामुळे आधी बुजतो तो पायलट.

फक्त चोकवर चालतं, चोक उघडला की बंद: पेट्रोल कमी पडतंय. जेट बुजलाय, किंवा कार्बोरेटरच्या मागच्या पॅकिंगमधून जास्तीची हवा ओढली जातेय.

लोड नसताना आवाज वरखाली होतो, ठरावीक लयीत वाढतो-कमी होतो: मेकॅनिक याला हंटिंग म्हणतात. जवळपास नेहमी पायलट जेट. पेट्रोल कमी पडून आरपीएम (इंजिनाचा वेग) घसरतो, गव्हर्नर (वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली वेग कमी-जास्त करणारी पाती, उघडतो, आरपीएम उसळतो, गव्हर्नर परत आवळतो, आणि हे असंच चालू राहतं. चोक अर्धा लावल्यावर आवाज स्थिर झाला तर खात्रीच समजा. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून हे बरं करायला जाऊ नका.

आयडलला छान, पण दात जमिनीत गेले की गप्प: मेन जेट, किंवा टाकीकडून पेट्रोल कमी येतंय.

काळा धूर, ओला प्लग, कार्बोरेटरखाली पेट्रोलचं थारोळं: इथे उलटं आहे, पेट्रोल जास्त होतंय. फ्लोट किंवा निडल (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) अडकलीय, नाहीतर चोक पूर्ण उघडत नाही.

लक्षणं बघायच्या आधीच मिश्रणाचा म्हणजे हवेचा स्क्रू पिळायची सवय सगळ्यांना असते. कचरा असलेल्या कार्बोरेटरची सेटिंग होत नाही. स्क्रू फिरवून यंत्र दोन दिवस चालवता येतं, पण मग मूळची सेटिंगही हरवते आणि कचराही तिथेच राहतो.

३. पेट्रोल वाटीपर्यंत येतंय का?

वाटीच्या खालच्या अंगाला तिरका लावलेला एक छोटा ड्रेन बोल्ट असतो. मधोमधचा मोठा बोल्ट वेगळा, तो वाटी धरून ठेवतो. खाली काचेची बरणी धरा, कॉक (टाकीतून येणाऱ्या पेट्रोलची चावी) चालू करा आणि ड्रेन बोल्ट सैल करा.

आधी वाटीतलं साठलेलं पेट्रोल येईल, मग टाकीतून येणारी धार चालू राहिली पाहिजे. वाटीतलं संपल्यावर थेंब थेंब झालं, तर कार्बोरेटरच्या आधी अडथळा आहे. टाकीच्या तोटीतली जाळी, पाइप, कॉक, आणि कॉकखालची गाळाची छोटी वाटी (असल्यास), यांपैकी काहीतरी. गाळाची वाटी दहाच्या पान्याने निघते. आत लाल माती आणि गंजाचा चुरा निघाला नाही असं क्वचितच होतं.

आता बरणी पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडात धरून बघा. तळाशी वेगळा थर किंवा टपोरे थेंब दिसले तर ते पाणी. पेट्रोल पिवळट-तांबूस झालं असेल, त्याला ताज्या पेट्रोलचा झणका न येता जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येत असेल, तर ते शिळं आहे. दोन्हींपैकी काहीही दिसलं तरी टाकी पूर्ण रिकामी करा. साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये तेच पेट्रोल परत सोडलं तर केलेली मेहनत फुकट.

पाणी येतं कुठून, असं बरेच जण विचारतात. अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवा असते, तिचं दव धरतं. शिवाय आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. कार्बोरेटर पेट्रोल घेतो तोही तळाकडूनच. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला याचा त्रास फारसा जाणवत नाही. वर्षातले आठ महिने कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या वीडरला जाणवतो.

४. आधी फक्त वाटी काढून बघा

पूर्ण कार्बोरेटर न उतरवता काम झालं तर उत्तम. कॉक बंद करा. वाटीभोवतीची माती ब्रशने झाडून घ्या, नाहीतर खोलताना तीच आत पडते. मधला बोल्ट काढा, वाटी हळूच खाली घ्या. रबर रिंग वर चिकटून राहिली तर नखाने सोडवा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

वाटीत काय आहे ते नीट बघा, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. तपकिरी चिकट थर म्हणजे वाळलेलं पेट्रोल, ते क्लीनरने निघतं. बारीक माती असेल तर टाकीची जाळी फाटलीय. पांढरी खरखरीत पूड म्हणजे पाण्याने धातू खाल्लाय. पूड थोडी असेल तर ब्रशने निघते, पण वाटीला आणि वरच्या अंगाला खड्डे पडले असतील तर तो कार्बोरेटर फार दिवस साथ देणार नाही.

वर बघितलं की मधोमध एक खांब दिसेल. त्याच्या आत, खालून, पितळी मेन जेट आहे. रुंद टोकाचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसवा आणि वर दाब देऊन एका झटक्यात सैल करा. अरुंद टोकाने प्रयत्न केला की पितळेची खाच सोलते, आणि सोललेला जेट काढणं हे स्वतंत्र दुखणं आहे. जेटमागे पितळेचीच एक नळी असते, तिला आडवी भोकं असतात. तिला इमल्शन ट्यूब म्हणतात. ती आपोआप खाली घसरते किंवा हलकंसं टिचकावल्यावर येते. जेट निघाला आणि नळी आतच राहिली तर काम अर्धंच झालं, कारण तिची भोकंही तितकीच बुजतात.

जेट आभाळाकडे धरून डोळ्याला लावा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. अंडाकृती किंवा अंधुक दिसलं तर आत थर आहे.

लोडवर बंद पडण्याची तक्रार असेल तर मेन जेट आणि नळी साफ करून लावल्यावर बहुतेकदा यंत्र सुटतं. हंटिंग असेल किंवा चोकशिवाय चालतच नसेल तर मात्र कार्बोरेटर खाली घ्यावा लागणार.

५. कार्बोरेटर उतरवा

उतरवण्याआधी फोटो. वरून, समोरून, आणि गव्हर्नरच्या बाजूने अगदी जवळून. गव्हर्नरच्या आर्मपासून कार्बोरेटरच्या थ्रॉटलपर्यंत एक पातळ सळई येते आणि तिच्यासोबत केसाएवढ्या तारेची छोटी स्प्रिंग असते. ही कुठल्या भोकात कशी अडकवलीय हे फोटोत स्पष्ट आलं पाहिजे. आठवणीवर विसंबू नका, आर्मला एकाशेजारी एक भोकं असतात.

एअर फिल्टरचा डबा काढा. त्यामागे दोन लांब स्टडवर कार्बोरेटर अडकवलेला दिसेल. पेट्रोलचा पाइप नोज प्लायरने क्लिप सरकवून काढा आणि त्याचं तोंड वर बांधून ठेवा. कार्बोरेटर स्टडवरून अर्धा बाहेर ओढा, थोडा तिरका करा, मग सळई आणि स्प्रिंग सोडवा. सरळ ओढला तर स्प्रिंग ताणली जाते, आणि एकदा ताणलेली स्प्रिंग परत कामाची राहत नाही.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड काळा ठोकळा असतो, तो उष्णता अडवायला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅकिंग. कोणतं पॅकिंग कुठल्या बाजूला आणि कुठलं तोंड वर, हे ताटलीत त्याच क्रमाने मांडत जा.

६. फ्लोट, निडल आणि त्यांची परीक्षा

कार्बोरेटर उलटा धरा. फ्लोट एका बारीक पिनेवर झुलतो. पीन हाताने निघते, नाही निघाली तर पक्कडीच्या टोकाने हळूच ढकला. ठोकू नका, तिला धरणारे दोन्ही कान कच्च्या धातूचे असतात. फ्लोटसोबत निडल येईल, तिच्या टोकाला बहुधा रबर असतं.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, बदला. निडलच्या टोकाला बोटाने गोल पट्टा लागला, म्हणजे घासून खाच पडली असेल, तर निडलही बदला.

निडल बसते की नाही हे फुंकून कळतं. फ्लोट-निडल परत लावा, पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ कोरडा पाइप लावा, कार्बोरेटर सरळ धरा आणि फुंका. हवा जाते. आता बोटाने फ्लोट हळूहळू वर उचला आणि फुंकत राहा. एका जागी हवा पूर्ण थांबली पाहिजे. सुर्रर्र करत थोडी जरी गेली तर निडल गळते.

गळती निडल म्हणजे नुसता पेट्रोलचा नास नाही. कॉक चालू राहिला तर पेट्रोल वाटी ओसंडून कार्बोरेटरच्या गळ्यातून इंजिनात उतरतं आणि पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये मिसळतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग आणि पिस्टन जातात, मग खर्च हजारांत. पहिल्या टप्प्यात ऑइल हुंगायला लावलं ते याचसाठी. असं झालं असेल तर निडल बदलून ऑइलही पूर्ण बदलायचं.

७. पायलट जेट: खरं दुखणं इथेच

कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला आयडलचा स्क्रू असतो, तोच थ्रॉटलला टेकतो. याच स्क्रूने काळ्या किंवा रंगीत प्लास्टिकचा पायलट जेट जागेवर दाबून धरलेला असतो. म्हणून पुष्कळ जणांना तो सापडतच नाही, मेन जेट साफ करून ते कार्बोरेटर परत लावतात आणि हंटिंग जसंच्या तसं राहतं. स्क्रू काढा, जेट त्याच्या डोक्याखाली चपटं टोक घालून हळूच वर उचला. त्याला छोटी रबर रिंग असते, ती सांभाळा.

त्याच्या टोकाचं भोक नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतं. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. तांब्याच्या वायरमधली एकच तार काढा, क्लीनरने भिजवा आणि हलकेच आरपार घाला. स्टीलची तार, सुई, पीन काहीही नको. स्टील पितळेला आणि प्लास्टिकला ओरखडतं, भोक मोठं होतं, आणि मोठं झालेलं भोक परत लहान करता येत नाही. मग यंत्र कायम जास्त पेट्रोल पितं.

बाजूला आणखी एक स्क्रू असतो, मिश्रणाचा. काढण्याआधी तो आत फिरवत न्या आणि किती फेऱ्यांत टेकला ते मोजून लिहून ठेवा. टेकला की थांबा, जोर लावला तर टोकाची निमुळती सुई दबते. काही इंजिनांत त्यावर टोपी असते, त्यामुळे तो पूर्ण फिरत नाही. तिथे त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता सगळे रबरी आणि प्लास्टिकचे भाग बाजूला काढा. क्लीनर रबराला फुगवतो. राहिलेल्या धातूच्या अंगावर प्रत्येक भोकात नळी घालून स्प्रे मारा आणि तो कुठून बाहेर पडतो ते बघा. एका भोकात मारलं की दुसरीकडून धार आलीच पाहिजे. पायलट जेटच्या खड्ड्यात मारलेला स्प्रे थ्रॉटलच्या पातीजवळच्या बारीक भोकांतून आला की समजा वाट मोकळी झाली. नाही आला तर दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि परत मारा. मग हवा. मग परत स्प्रे. घाई केली तर दुसऱ्या दिवशी हेच काम परत करावं लागतं.

थ्रॉटलची पाती आणि चोकची पाती काढू नका. तिथे साफ करण्यासारखं काही नसतं, आणि पातीचा स्क्रू पुढे सैल होऊन आत पडला तर थेट पिस्टनवर.

कार्बोरेटर पाण्याने धुवू नका. निरम्यात, लिंबाच्या पाण्यात उकळायचे सल्ले मिळतील. आतल्या आडव्या वाटांत पाणी राहिलं की पांढरी पूड तिथूनच सुरू होते.

८. परत जोडताना

आधी पायलट जेट, मग आयडल स्क्रू. मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकवून मोजलेल्या फेऱ्या मागे. आकडा लिहिला नसेल तर दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा. मग इमल्शन ट्यूब, मेन जेट, निडल-फ्लोट, वाटी. रबर रिंग खाचेत सपाट बसलीय ना हे बोट फिरवून बघा. वाटीच्या बोल्टचं वॉशर विसरू नका, तिथूनच पेट्रोल झिरपतं.

पॅकिंग लावताना त्यावरची बारीक भोकं कार्बोरेटरच्या भोकांशी जुळतात का ते बघा. उलटं लागलं तर ते हवेची वाट झाकतं, आणि साफ केलेला कार्बोरेटर पहिल्यापेक्षा वाईट चालतो. फाटलेलं पॅकिंग सिलिकॉन फासून चालवू नका. पेट्रोलने सिलिकॉन सुटतं आणि त्याचा तुकडा आत जातो.

सळई आणि स्प्रिंग फोटोप्रमाणे अडकवा. मग हाताने थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा, अडखळल्याशिवाय हलला पाहिजे. ही सळई अडकवायची राहिली तर इंजिनाला आवर घालणारं काही उरत नाही, सुरू होताच ते किंचाळत वर जातं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एक बोट स्विचवर ठेवा.

९. सुरू करणं आणि सेटिंग

ताजं पेट्रोल, निदान अर्धा लिटर. कॉक चालू करून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. वाटीखाली थेंब दिसला नाही तर चोक लावून दोरी ओढा. वाटी भरलेली असली तरी पहिल्या दोन-तीन ओढींत सुरू झालं नाही म्हणून घाबरू नका. सुरू झाल्यावर चोक हळूहळू उघडा. क्लीनरचा उरलेला अंश जळताना थोडा पांढरा धूर येतो, तो जातो.

इंजिन चांगलं गरम होऊ द्या, गार इंजिनावर सेटिंग करायची नसते. मग आयडलवर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरी इकडे-तिकडे फिरवा, आवाज सगळ्यात भरीव आणि स्थिर वाटेल तिथे सोडा. आयडल फार वर गेलं तर आयडलच्या स्क्रूने खाली आणा. थ्रॉटल एकदम उघडून बघा. अडखळून उचलत असेल तर मिश्रण थोडं सैल करा, म्हणजे स्क्रू बाहेर.

एवढं करूनही हंटिंग राहिलं तर दोनच शक्यता उरतात. पायलटची वाट अजून अर्धवट बंद आहे, किंवा पॅकिंग हवा खातंय. चालू इंजिनावर पॅकिंगच्या जोडावर क्लीनर फवारून बघायचा सल्ला बरेच जण देतात. गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असताना मी तो देणार नाही. नवं पॅकिंग घालून बघणं सोपं आणि स्वस्त.

१०. साफ करायचा की नवा आणायचा?

धातूला खड्डे पडलेत, जेटची खाच सोललीय, निडलची बैठक खराब झालीय, यांपैकी काही असेल तर नवा आणा. या नमुन्याचा कार्बोरेटर महाग नाही, दोन-तीनदा खोला-जोडायच्या मजुरीएवढ्यात येतो. विकत घेताना जुना सोबत न्या. स्टडमधलं अंतर, गळ्याचा व्यास, चोकची दांडी कुठल्या बाजूला आणि कॉक अंगचा आहे की वेगळा, हे चार मुद्दे जुळले पाहिजेत. दुकानदार "सगळ्यांना बसतो" म्हणेल, पण जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नवा लावण्याआधी टाकी आणि पाइप साफ केले नाहीत तर महिन्याभरात तोही याच वाटेने जाईल.

११. हंगाम संपल्यावर

वीडर महिनाभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तर टाकी रिकामी करा. मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि शेवटी ड्रेन बोल्ट उघडून वाटीतलं उरलेलं काढा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. इंजिन बंद पडलं तरी वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतंच, आणि जेट बुजवायला तेवढं पुरतं. मोकळं केलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालून संपवा.

रोजच्या कामातही संध्याकाळी स्विचने बंद करण्याऐवजी कॉक बंद करून इंजिनाला वाटीतलं पेट्रोल संपवू द्या. निडल गळत असली तरी रात्रीतून इंजिनात पेट्रोल उतरत नाही. कॅनमधलं पेट्रोल ओतताना गाळणी वापरा. झाकणाजवळची माती पुसल्याशिवाय टाकी उघडू नका.

ब्रश कटरवाल्यांसाठी

कोकणात आणि बागायतीत खांद्यावरचा ब्रश कटर जास्त चालतो. त्याच्या कार्बोरेटरला वाटी-फ्लोट नसतो, त्याऐवजी रबरी पडदा असतो, म्हणून तो आडवा-तिडवा धरला तरी चालतो. तिथे जेटच्या आधी तीन गोष्टी बघा. टाकीतल्या पाइपच्या टोकाचा फिल्टर, दाबायच्या बुडबुड्याला पडलेली चीर, आणि पडदा. पडदा हातात घेतल्यावर मऊ लागला पाहिजे, कागदासारखा कडकडला तर बदला. आतमध्ये पोस्टाच्या तिकिटापेक्षाही लहान जाळी असते, ती ब्रशने साफ करा. या कार्बोरेटरमध्ये कंप्रेसरची जोराची हवा मारू नका, आतले नाजूक व्हॉल्व्ह उडतात. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण यंत्राच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत बघूनच धरा. कुठे २५ला १ असतं, कुठे ५०ला १, शेजाऱ्याच्या यंत्राचं प्रमाण आपल्याला लागू होत नाही.